सव्वा मूठ गहू

जळगावच्या बाजारात मी भरताची वांगी निवडत असते आणि समोरून एखादा ओळखीचा चेहरा येतो. अशा वेळी मी मान खाली घालून वांग्यांचे देठ बघत बसते. वांग्यांत एवढं बघण्यासारखं काय आहे, असं भाजीवालीला वाटत असेल. पण तो आमच्या धंद्यातला नियम आहे आणि निवृत्त झाले तरी अंगातून गेलेला नाही. पहिल्याच भेटीत मी प्रत्येकाला सांगायची की बाहेर कुठं दिसलो तर मी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तरच बोलेन. कारण साधं आहे. ‘या बाई कोण?’ असं बरोबरच्या माणसानं विचारलं, तर समोरच्याची पंचाईत नको.

हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटायचं. आणि मग तो नियम माझ्यापेक्षा तेच जास्त इमानानं पाळायचे. दातांच्या डॉक्टरला लग्नपत्रिका जाते, शिकवणीच्या सरांना पेढे जातात. आमच्याकडचा बरा झालेला माणूस मात्र मला बघून रस्त्याच्या पलीकडे जातो. तसंच व्हायला पाहिजे, हे मला कळतं. मीच शिकवलंय ना. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच, आणि आता घरी बसल्यापासून जरा जास्तच वाटतं.

मी समुपदेशक होते. जळगावात एका डॉक्टरांच्या मानसोपचार दवाखान्यात आतली खोली माझी. औषध डॉक्टर लिहायचे, बोलायचं काम माझं. आठवड्यातून एकदा धुळ्याला देवपुरात बसायची, ते माझं माहेरही. काम काय, तर समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपलं तोंड आवरायचं. माझ्यासारख्या फटकळ बाईला हे कसं जमलं, असं माझी वहिनी अजून विचारते. खरं सांगू, पगार त्याचाच होता.

माझ्याकडे जास्त यायची ती कॉलेजातली आणि दहावी-बारावीतली पोरं. त्यातही एडीएचडीवाली. याला मराठीत ‘अवधान कमतरता आणि अतिचंचलता’ असं नाव आहे, पण ते पुरतं उच्चारेपर्यंत आमचं गिऱ्हाईक खिडकीबाहेर बघायला लागलेलं असायचं. लोकांना वाटतं, हा वर्गात उड्या मारणाऱ्या लहान पोरांचा प्रकार. पोरगं मोठं होतं, उड्या थांबतात, आईबाप म्हणतात, सुटलो. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

तुमच्या-माझ्या मनात राग चढतो तो दुधासारखा. साय थरथरते, कडा वर येतात, आपण धावत जाऊन गॅस बंद करतो. या पोरांना ते चढणं दिसतच नाही. गॅस लावला आणि दूध ओट्यावर, मधे काही नाही. रागाचं तसं, रडण्याचं तसं, आनंदाचंसुद्धा तसंच. घरच्यांना फक्त उतू गेलेलं दूध दिसतं. नंतर ते पोरगं एकटं बसून ओटा पुसत असतं, तासन्‌तास, दिवसेंदिवस, ते कुणाला दिसत नाही. ‘लक्ष कुठंय तुझं’, ‘अक्कल गहाण ठेवली का’ हे वाढत्या वयात रोज ऐकलेलं असतं. होता होता त्याची खात्री पटते की आपल्यातच खोट आहे. मग एक दिवस ते पुसणंही थांबतं. पोरगं अंथरुणातून उठत नाही, आंघोळ करत नाही, आणि घरचे म्हणतात, आता किती शांत झालाय. त्या शांतपणाची मला फार धास्ती वाटायची.

पोरींचं आणखी वेगळं. भुसावळचे एक शिंपीचाचा मुलीला घेऊन आले होते. मुलगी कधी उलटून बोलली नाही, कधी पळाली नाही, नुसती हरवायची. शिवायला दिलेल्या कापडाकडे बघत बसायची आणि शाळेची वेळ निघून जायची. इतकी गुणी पोरगी शाळेत का जाईना, हे चाचांना कळेना. ती म्हणाली, "मैं सबको थका देती हूँ, मॅडम." एवढंच बोलली आणि पुढचा सगळा वेळ ओढणीच्या टोकाशी खेळत बसली. ती पुढे सावरली, खूप वेळ लागला. तिचं ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

सगळंच काही रडकं नव्हतं हो. देवपुरात एक साहेब मुलाला घेऊन आले, मोठ्या हुद्द्यावरचे. मुलगा सगळं विसरतो, याला जबाबदारी म्हणून नाही, अशी त्यांची तक्रार. तावातावानं बोलून निघून गेले. मग छत्रीसाठी परत आले. मग चष्म्यासाठी. जरा वेळानं फोन आला, मॅडम, मुलगा तिथंच राहिलाय का? मुलगा बाकावर बसून खो खो हसत होता. हे आजार बऱ्याचदा वारशानं येतात हे मी साहेबांना समजावून सांगणार होते, पण त्या दिवसानंतर गरज पडली नाही. ती छत्री ते पुन्हा विसरले आणि न्यायला कधी आले नाहीत. पावसाळ्यात मी तीच वापरते.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो हर्षल. नाव बदललेलं आहे, आणि आमच्या खान्देशात दर चौथ्या घरात एक हर्षल असतो, त्यामुळे शोधत बसू नका.

चोपडा तालुक्यातल्या गावचा, केळीच्या बागांतला पोरगा. गावात होता तोवर त्याचं काही अडलं नव्हतं. पाटाचं पाणी सोडायचं, केळीच्या गाडीमागे धावायचं, कुणाच्या घरी काही झालं की पहिला हजर. सगळं गाव त्याला हाक मारायचं. बारावीनंतर जळगावला इंजिनिअरिंगला आला, होस्टेलवर राहिला आणि पाण्यातून काढलेल्या माशागत झाला. फॉर्मच्या तारखा हुकल्या, विषय राहिले, चाव्या हरवल्या. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला त्याचा खोलीतला मित्र त्याला माझ्याकडे ओढत घेऊन आला, कारण दिवाळीला तो घरी जायला तयार नव्हता. झोप लागत नाही आणि अभ्यास होत नाही, एवढंच तो सांगत होता.

डॉक्टरांनी तपासलं. एडीएचडी लहानपणापासूनचा, कुणी न ओळखलेला, आणि त्यावर चढलेलं नैराश्य. औषधं सुरू झाली. मी त्याच्याबरोबर बसत होते, पण तो दार लावून घेतल्यासारखा. एका भेटीत मी सरळ विचारलं. हे विचारायला लोक घाबरतात, विचारल्यानं डोक्यात नको ते येईल म्हणतात. तसं होत नाही, विचारावंच. मी विचारलं, "जगू नये असं वाटतं का रे?"

त्यानं माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाला, "मरायचं असं नाही, मॅडम. पण मोजणीत नसलेलं माणूस असलं काय नि नसलं काय."

मोजणी म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नाही. ते त्याच्या आईकडून कळलं. त्याच्या परवानगीनं आम्ही घरी फोन केला, तशी ती माउली दुसऱ्याच दिवशी एकटी एसटीनं आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मना आंडोर वाईट नही शे, ताई. त्यानं ध्यानच नही ऱ्हास." आंडोर म्हणजे मुलगा. आणि मग तिनं कानबाईचं सांगितलं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते. आमची कुलदेवी म्हणा, घरची मोठी बाई म्हणा. पुण्या-सुरतेला गेलेली बठ्ठी, म्हणजे सगळी, मंडळी त्या दिवशी गावी येतात. तिच्यासाठी रोट करतात, म्हणजे नैवेद्याच्या पुरणपोळ्या. प्रत्येक घराची रीत वेगळी, पण हर्षलच्या आणि माझ्या, दोघांच्याही घरची रीत अशी की आदल्या दिवशी, शनिवारी, घरचा कर्ता पुरुष गव्हाच्या राशीपुढे बसतो. घरातल्या एकेकाचं नाव घेतो आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ काढतो. त्या गव्हाचं पीठ, त्या पिठाचे रोट. ते कुळातल्या माणसांनीच खायचे, पुनवेच्या आत संपवायचे, बाहेरच्या कुणाच्या तोंडी जाऊ द्यायचे नाहीत. ताटं धुतलेलं पाणीसुद्धा कुणाच्या पायाखाली येऊ देत नाहीत. मूठ निघाली म्हणजे तू या घरचा. नाव न घेता तसंच पुढे गेले, म्हणजे ते माणूस गेलेलं तरी असतं, नाहीतर तोडलेलं.

त्या श्रावणात सोमवारी कानबाई विसर्जन झाल्यावर हर्षलची परीक्षा होती म्हणून तो लगेच जळगावला निघाला. आईनं त्याच्या वाटणीचे रोट डब्यात बांधून दिले. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. डबा एसटीत राहिला. हे होस्टेलच्या दारात लक्षात आलं. धावत स्टँडवर गेला तर गाडी परत निघून गेलेली, डब्याचा पत्ता नाही. कुळाचे रोट कुणाच्या तोंडी गेले, देव जाणे.

मग घरून वडिलांचा फोन आला. त्यांना आबा म्हणतात. रोट संपले का, म्हणून विचारलं. खोटं बोलायलासुद्धा माणसाला क्षणभर थांबावं लागतं, आणि तेवढं थांबणं हर्षलला कधी जमलं नव्हतं. एसटीत राहिले म्हणाला. आबा भडकले, देवीपेक्षा तुला काय मोठं झालंय म्हणाले. हा त्यांच्या वरताण भडकला. एवढी भुकेली असेल तुमची कानबाई तर तिला म्हणावं स्टँडवर जाऊन खा, असं बोलून गेला. त्यावर आबा म्हणाले, पुढल्या सालापासून तुझी मूठ निघणार नाही. फोन बंद झाला. दूध दोन्हीकडचं उतू गेलं होतं. वारसा म्हटलं ना मी.

हे ऐकलं आणि मला त्या पोराचं ते ‘मोजणीत नसलेलं’ कळलं. परगावचा कुणी समुपदेशक असता तर त्याला वाटलं असतं, डबा हरवला, बापलेक भांडले, होईल गोड. मला तसं वाटेना. मी धुळ्याची आहे, कानबाईच्या घरची आहे, आणि बिनलग्नाची आहे. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीची मूठ माहेरी निघत नाही, ती सासरी निघते. बिनलग्नाच्या लेकीचं काय करायचं, हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, होते तोवर ते माझं नाव मोठ्यानं घ्यायचे, जरा जास्तच मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. ते गेल्यावर राशीपुढे माझा मोठा भाऊ बसायला लागला, आमचा नाना. तेव्हापासून मी कानबाईला रविवारी दुपारी जायची. शनिवारी दवाखान्यात गर्दी असते, असं सांगायची. गर्दी असायचीही. वहिनी ताटात रोट वाढायची, मी खायची. ते कुणाच्या मुठीतलं, हे मी कधी विचारलं नाही.

असो. आबांना बोलावून घेतलं. पांढरी टोपी, उन्हानं रापलेला चेहरा, खुर्चीच्या अगदी कडेला बसले. पोरगं किती खोल गेलंय हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "ताई, तोंडमाईन शबद निंघी गया. देवना घरना शबद शे, आते मांगे कसा लेऊ?"

तो माणूस हट्टी नव्हता. देवीच्या नावानं बोललेलं फिरवलं तर तिचा कोप पोरावरच होईल, या भीतीनं ते अडले होते. अशा वेळी श्रद्धा-अंधश्रद्धेवर व्याख्यान देऊन काही होत नाही. मी त्यांना म्हटलं, आबा, तुम्ही आपण होऊन काही करू नका, पण त्यानं मागितली तर? त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"मांगणाराले कानबाई नही म्हनत नही, ताई."

आता मागायला शिकवणं हे माझं काम होतं, आणि ते सोपं नव्हतं. या पोरांना ओरडता येतं, पाय आपटत निघून जाता येतं, मागता येत नाही. आम्ही पुढचे कितीतरी महिने एकच गोष्ट घोटली. राग येण्याआधी अंगात काय होतं ते शोधायचं. हर्षलचे कान तापायचे. कान तापले की तोंड उघडायचं नाही, उठायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. आल्यावर एकच वाक्य बोलायचं आणि त्याची सुरुवात ‘मला पाहिजे’ अशी करायची. ‘तुम्ही नेहमी’ म्हणायचं नाही, ‘मी तसलाच’ म्हणायचं नाही. पहिल्यांदा हे वाक्य म्हणून बघताना तो घामाघूम झाला. गॅदरिंगला शेकडो पोरांसमोर नाचलेला पोरगा, पण ‘मला पाहिजे’ म्हणायला त्याला लाज वाटत होती. मधे तो पुन्हा खचला, औषध बदलावं लागलं, कॉलेजचं एक वर्ष हातचं गेलं. मित्र आणि आई आळीपाळीनं त्याच्याजवळ राहत होते. हे सगळं लिहिण्यात चार ओळींत संपतं, जगण्यात संपत नव्हतं.

श्रावण आला. त्या शनिवारी माझ्या खोलीत एकामागून एक माणसं येत होती आणि माझं अर्धं लक्ष टेबलावरच्या फोनकडे होतं. मलाच एडीएचडी झाल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला.

आबा राशीपुढे बसले. स्वतःचं नाव घेतलं, बायकोचं, मोठ्या मुलाचं, सुनेचं, नातवाचं. मग थांबले. हर्षल उठला आणि बाहेर निघून गेला. आईला वाटलं, पुन्हा रागानं गेला. पण तो गेला होता माठापाशी. पाणी प्याला, परत आला, सगळ्या कुळासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, मला माझी मूठ पाहिजे."

आबांनी राशीत हात घातला आणि कितीतरी वेळ तो बाहेरच काढला नाही. मग काढला तो गच्च भरलेला. वर पाव मूठ अशी घातली की गहू सूपभर सांडले. बोलले फक्त एवढंच, "डबा आते दोरीले बांधीसन लई जाजो."

सांगता सांगता ती माउली फोनवर रडत होती आणि इकडे मी. बाहेर पुढचं माणूस ताटकळत बसलं होतं, बसू दिलं.

हर्षलला मी त्यानंतर काही महिने बघितलं, मग येणं कमी झालं, मग थांबलं. थांबावंच. मधे एकदा जळगावच्या स्टँडवर दिसला. मिशी आलेली, जरा भरलेला. बाकावर बसला होता, मांडीवर डबा, डब्याच्या कडीला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाला बांधलेलं. श्रावणच होता. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अरे हर्षल म्हणून. त्यानं एकदा माझ्या बाजूला बघितलं, नजर हलली, मग पुण्याच्या गाडीकडे वळली. मी पाटीवरची वेळापत्रकं वाचत उभी राहिले. आपल्याच नियमाचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

या वर्षी मी निवृत्त झाले. खोलीतली खुर्ची दुसऱ्या मुलीला दिली, छत्री घरी आणली. दुपारी घरात इतकं सामसूम असतं की फोनची रिंग चुकीच्या नंबरची असली तरी बरं वाटतं. आणि श्रावण आला तेव्हा कळलं की आता शनिवारची सबब उरलेली नाही. एवढ्या पोरांना मागायला शिकवलं, आणि आपण मात्र साठी उलटली तरी रविवार दुपारच्या गाडीनं जाणार का? सकाळीच उठले आणि धुळ्याची गाडी धरली.

देवपुरात पोचले तेव्हा नाना राशीपुढे बसलेलाच होता. मला बघून वहिनी दारातच थबकली. मी भिंतीशी बसले. नानानं स्वतःचं नाव घेतलं, वहिनीचं, मुलांचं, सुनांचं, नातवंडांचं. मग तो सुपातले गहू सारखे करायला लागला. संपलं असं मला वाटलं. माझे कान तापले. हसू नका, खरोखर तापले. मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्याले, परत आले आणि उभी राहिले. हर्षल घामाघूम का झाला होता ते तेव्हा कळलं.

"नाना, मला माझी मूठ पाहिजे."

नानानं मान वर केली. म्हातारा झालाय तो आता, चष्म्याच्या जाड काचांतून त्याचे डोळे मोठे दिसतात. त्याला मी काय म्हणते तेच कळेना. मग त्यानं सुपाच्या कडेला केलेली एक छोटी वेगळी रास दाखवली.

"ही कोनी शे मग? दादा गयात तैपासून दर सालले काढस मी. दादा करेत तसं, तुनं नाव शेवटले लेस. तूच शनवारले कधी उनी नही."

वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. नानानं त्या छोट्या राशीत हात घातला आणि माझं नाव घेतलं, वडील घ्यायचे तसं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.